शेलमधील कमांड लाइनचे संपादन आणि निवडलेल्या भागाची मर्यादा : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

संगणकाच्या इतिहासाचे लेखन बहुतांशी यंत्रे, कंपन्या आणि संशोधक यांच्या अंगाने झालेले आहे. संगणकासमोर बसलेली व्यक्ती प्रत्यक्षात काय लिहीत होती, लिहिताना चूक झाली तर ती कशी दुरुस्त करीत होती, याचा इतिहास मात्र उपेक्षित राहिला. कमांड लाइन हे या उपेक्षित इतिहासाचे महत्त्वाचे क्षेत्र होय. शेल म्हणजे वापरणाऱ्याने लिहिलेली आज्ञा वाचून ती संगणकाकडून पार पाडून घेणारा प्रोग्रॅम. या शेलपुढे लिहिलेली ओळ एकाच वेळी मजकूर असते आणि कृतीही असते. पत्रातील चूक वाचणाऱ्यास खटकते आणि नंतर सुधारता येते. कमांड लाइनवरील चूक एंटर कळ दाबताक्षणी प्रत्यक्षात उतरते.

या चुकीची किंमत किती मोठी असू शकते हे २०११ साली बंबलबी या लिनक्सवरील सॉफ्टवेअरच्या बाबतीत दिसून आले. त्याच्या इन्स्टॉलर स्क्रिप्टमधील फाइली पुसण्याच्या आज्ञेत 'युएसआर' या मुख्य डिरेक्टरीचे नाव आणि त्यापुढील मार्ग यांच्यामध्ये अनवधानाने एक मोकळी जागा पडली होती. परिणामी एका लहान फोल्डरऐवजी संपूर्ण 'युएसआर' डिरेक्टरी पुसली जात असे. ही आज्ञा स्क्रिप्टमध्ये लिहिलेली होती. पण हाताने टंकलेल्या ओळीतही नेमका हाच धोका संभवतो. लांबलचक आज्ञेतील एखादाच भाग बदलायचा असताना उरलेल्या भागाला धक्का लागू नये, ही गरज यातून स्पष्ट होते.

निवडलेल्या भागापुरतेच संपादन मर्यादित ठेवण्याची सोय हे या गरजेला मिळालेले उत्तर होय. झेड शेलमध्ये ती 'नॅरो टू रीजन' या नावाने उपलब्ध आहे. वरवर पाहता ही किरकोळ सोय वाटते. परंतु तिच्यामागे सुमारे अर्धशतकाची वैचारिक वाटचाल आहे. प्रस्तुत निबंधात या वाटचालीचा मागोवा घेतला आहे.

उद्दिष्टे :

१) कमांड लाइनच्या संपादनात 'भाग' ही कल्पना कशी विकसित झाली याचा आढावा घेणे.
२) निवडलेल्या भागापुरते संपादन मर्यादित ठेवण्याच्या पद्धतीचे स्वरूप स्पष्ट करणे.
३) ही मर्यादा आणि आज्ञेची सुरक्षितता यांचा परस्परसंबंध तपासणे.

अभ्यासपद्धती व व्याप्ती :

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. युनिक्स आणि युनिक्सच्या परंपरेतील शेल एवढीच व्याप्ती ठेवली आहे. संपादकांचा म्हणजे एडिटर प्रोग्रॅमचा विचार शेलवर त्यांचा प्रभाव पडला तेवढ्यापुरताच केला आहे.

१. कागदी टर्मिनलचा काळ : शेवटचे अक्षर किंवा संपूर्ण ओळ

'शेल' हा शब्द लुई पूझाँ यांनी रूढ केला. एमआयटी येथील सीटीएसएस या प्रणालीवर काम करताना त्यांनी आज्ञांची मालिका चालवणारी 'रनकॉम' ही सोय तयार केली होती. तोच विचार पुढे नेत १९६५ मध्ये त्यांनी मल्टिक्स या नव्या प्रणालीसाठी शेलची संकल्पना मांडली. पुढे १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची उभारणी सुरू केली. १९७१ च्या पहिल्या आवृत्तीबरोबर थॉम्पसन यांचा शेल वापरात आला.

या काळातील टर्मिनल म्हणजे टेलिटाइप यंत्र होते. १९६३ मध्ये बाजारात आलेले मॉडेल ३३ हे यंत्र सेकंदाला १० अक्षरे या वेगाने कागदाच्या गुंडाळीवर छापत असे. छापलेले अक्षर पुसणे शक्य नव्हते. त्यामुळे युनिक्समध्ये दुरुस्तीसाठी दोन चिन्हे ठरवण्यात आली. 'हॅश' हे चिन्ह टंकल्यास आधीचे एक अक्षर रद्द समजले जाई आणि 'ॲट' हे चिन्ह टंकल्यास संपूर्ण ओळ रद्द होई. कागदावर चुकलेली अक्षरेही दिसत आणि रद्द केल्याची चिन्हेही दिसत. खरी ओळ कोणती, हे वापरणाऱ्याने मनातच जुळवायचे असे.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ही दुरुस्ती शेल करीत नसे. टर्मिनल सांभाळणारा प्रणालीचा गाभ्यातील भाग ती करीत असे आणि पूर्ण झालेली ओळच शेलच्या हाती देत असे. वापरणाऱ्याजवळ दुरुस्तीची दोनच परिमाणे होती : शेवटचे अक्षर आणि संपूर्ण ओळ. ओळीच्या मध्यभागी पोहोचण्याचा मार्गच नव्हता. पुढे बर्कलीच्या युनिक्समध्ये शेवटचा शब्द पुसण्याची व ओळ पुन्हा छापून घेण्याची सोय झाली, तरी दुरुस्ती शेवटाकडूनच सुरू करावी लागे.

२. पत्त्याने दाखवलेला भाग : क्यूईडी आणि ईडी

मध्यभागी पोहोचण्याचा पहिला मार्ग एडिटर प्रोग्रॅमनी दाखवला. १९६५-६६ च्या सुमारास बर्कली येथे बटलर लॅम्पसन आणि पीटर डॉइच यांनी क्यूईडी हा एडिटर तयार केला. त्याच परंपरेत थॉम्पसन यांचा युनिक्सवरील ईडी हा एडिटर येतो. ईडीमध्ये आज्ञेच्या आधी ओळींचा पत्ता देता येतो. उदाहरणार्थ, पाचव्या ओळीपासून बाराव्या ओळीपर्यंत एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द घालावा असे सांगितल्यास चौथी वा तेरावी ओळ बदलत नाही.

निवडलेल्या भागापुरते संपादन मर्यादित करण्याचे हे अत्यंत स्पष्ट रूप होय. मात्र ही मर्यादा एका आज्ञेपुरतीच टिकते. पुढची आज्ञा देताना पत्ता पुन्हा द्यावा लागतो. शिवाय भाग मोजला जातो तो ओळींमध्ये. कमांड लाइन ही बहुधा एकच ओळ असल्याने ओळींचे पत्ते तेथे उपयोगाचे नव्हते.

ही उणीव सी शेलने वेगळ्या रीतीने भरून काढली. बिल जॉय यांनी लिहिलेला हा शेल १९७९ च्या सुमारास बर्कलीच्या वितरणातून पसरला. त्यात पूर्वी दिलेल्या आज्ञांची नोंद राहत असे आणि मागील आज्ञेतील दुसऱ्या शब्दापासून चौथ्या शब्दापर्यंतचा भाग पत्ता देऊन नव्या आज्ञेत आणता येई. ओळीऐवजी शब्द हे एकक झाले. परंतु येथे संपादन डोळ्यांसमोर घडत नव्हते. चिन्हांनी वर्णन केलेला बदल शेल करी आणि तयार झालेली आज्ञा लगेच चालवी. आज्ञा न चालवता केवळ छापून दाखवण्यासाठी वेगळे चिन्ह जोडावे लागे. पुढील काळातील बॅश व झेड शेल यांनी अशी आज्ञा आधी ओळीवर आणून दाखवण्याचा पर्याय दिला. 'आधी पाहणे आणि मग चालवणे' हा भेद येथून पुढे सतत भेटतो.

३. मार्क, पॉइंट आणि रीजन : ईमॅक्सचे योगदान

पडद्याची टर्मिनल आल्यावर मजकुरातील कोणत्याही जागी कर्सर नेणे शक्य झाले. डॅन मर्फी यांनी एमआयटीमध्ये १९६० च्या दशकाच्या प्रारंभी टेको हा एडिटर निर्माण केला होता. त्याच्या एमआयटीतील पुढच्या रूपावर आधारलेल्या मॅक्रोंमधून १९७६ मध्ये रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील यांच्या प्रयत्नांतून ईमॅक्स साकारला.

ईमॅक्समध्ये तीन संकल्पना स्थिरावल्या. कर्सर जेथे आहे ती जागा म्हणजे पॉइंट. वापरणाऱ्याने मुद्दाम खूण केलेली जागा म्हणजे मार्क. या दोहोंमधील मजकूर म्हणजे रीजन. मार्क आधी असो वा पॉइंट, रीजन तोच राहतो. ईडीमध्ये भाग संख्येने सांगावा लागे. येथे तो दोन जागांनी ठरू लागला आणि एका अक्षराइतका लहानही असू शकला.

याच परंपरेत 'नॅरोइंग' म्हणजे संकुचित करण्याची कल्पना आहे. ईमॅक्समध्ये रीजन निवडून तो संकुचित केला की उरलेला मजकूर पडद्यावरून नाहीसा होतो. शोध, बदल, पुसणे या सर्व क्रिया त्या भागापुरत्याच चालतात. ईडीतील मर्यादा एका आज्ञेपुरती होती, तर ही मर्यादा वापरणारा ती उठवीपर्यंत टिकते. उरलेला मजकूर नष्ट झालेला नसतो. फाइल जतन केल्यास ती संपूर्णच जतन होते.

या सोयीतील धोका तिच्या कर्त्यांनाही ठाऊक होता. मजकूर अचानक दिसेनासा झाल्यास नवखा माणूस गोंधळून जातो, म्हणून जीएनयू ईमॅक्समध्ये ही आज्ञा मुळात बंद ठेवलेली असते आणि पहिल्या वापरावेळी खात्री करून घेतली जाते. तसेच भाग संकुचित केलेला असताना खालच्या पट्टीत तशी सूचना दिसते. रीजनबाबतही असेच म्हणता येईल. तो पडद्यावर रंगाने ठळक दाखवण्याची पद्धत ईमॅक्समध्ये २००९ च्या २३ व्या आवृत्तीपासून सर्वांसाठी आपोआप सुरू झाली. तत्पूर्वी ती मुद्दाम चालू न केल्यास भाग निवडलेला असे, पण तो दिसत नसे.

४. शेलमध्ये संपादनाचा प्रवेश

एडिटरमधील ही समृद्धी शेलमध्ये येण्यास काही वर्षे लागली. बेल लॅब्जमधील डेव्हिड कॉर्न यांनी आपला कॉर्न शेल १९८३ मध्ये युसेनिक्स परिषदेत सादर केला. त्यात ईमॅक्सच्या धर्तीवर संपादन करण्याची सोय माइक व्हीच यांनी आणि व्हीआयच्या धर्तीवरील सोय पॅट सुलिव्हन यांनी लिहिली होती. आता ओळ तयार करण्याचे काम शेलने स्वतःकडे घेतले. ईमॅक्सच्या धर्तीवरील पद्धतीत मार्क ठेवता येई आणि कर्सरपासून मार्कपर्यंतचा भाग काढून टाकता येई.

कॉर्न शेलमधील आणखी एक लहान योजना येथे नोंदवली पाहिजे. ओळ पडद्याच्या रुंदीपेक्षा लांब झाली की तिचा एक भागच दिसे आणि पडद्याच्या कडेला एक चिन्ह उमटे. डावीकडे मजकूर दडला आहे, उजवीकडे आहे की दोन्हीकडे, हे त्या चिन्हावरून कळे. दिसणारा भाग म्हणजे संपूर्ण आज्ञा नव्हे, याची जाणीव वापरणाऱ्यास करून देणारी ही खूण होती.

१९९२ च्या पॉझिक्स मानकात शेलसाठी केवळ व्हीआय पद्धतीच्या संपादनाचा समावेश झाला. ईमॅक्सचे स्वरूप मानकात बांधल्यास त्याची विस्तारक्षमता हरवेल, असा ईमॅक्सच्या पाठीराख्यांचा आक्षेप होता, म्हणून ती पद्धत वगळण्यात आली. मार्क आणि रीजन या कल्पना ईमॅक्सच्या परंपरेतून आलेल्या असल्याने त्या मानकाच्या बाहेर राहिल्या. त्यांचा पुढील विकास प्रत्येक शेलच्या कर्त्यांच्या विवेकावर सोपवला गेला, हा या निर्णयाचा दूरगामी परिणाम होय.

ब्रायन फॉक्स यांचा बॅश १९८९ मध्ये आला. त्याच्यासोबतची रीडलाइन ही लायब्ररी अन्य अनेक प्रोग्रॅमनीही स्वीकारली. रीडलाइनमध्ये मार्क ठेवणे, पॉइंट व मार्क यांची अदलाबदल करणे, रीजन काढून टाकणे या क्रिया आहेत. संपादन रीजनपुरते संकुचित करण्याची क्रिया मात्र नाही. लांब आज्ञा मोठ्या एडिटरमध्ये उघडण्याची सोय बॅशमध्ये आहे, पण एडिटर बंद करताच ती आज्ञा चालवली जाते. झेड शेलमधील तशाच सोयीत आज्ञा चालवली न जाता ओळीवर परत येते. दोन शेलच्या कर्त्यांनी एकाच प्रश्नाला दिलेली ही दोन भिन्न उत्तरे आहेत.

५. झेड शेल : संकुचित संपादनाचे प्रत्यक्ष रूप

झेड शेलची पहिली आवृत्ती पॉल फालस्टॅड यांनी प्रिन्स्टन विद्यापीठात असताना १९९० मध्ये लिहिली. त्यातील ओळ-संपादकाला 'झेडएलई' म्हणतात. संपादनाची प्रत्येक क्रिया येथे 'विजेट' मानली जाते आणि वापरणारा शेलच्याच भाषेत स्वतःची विजेट लिहू शकतो. ओळीचा मजकूर, कर्सरच्या डावीकडील भाग, उजवीकडील भाग आणि मार्कची जागा ही सर्व माहिती अशा विजेटला व्हेरिएबलच्या रूपाने मिळते. शेलसोबत येणारे 'नॅरो टू रीजन' हे फंक्शन याच पायावर उभे आहे.

त्याचे कार्य पुढीलप्रमाणे चालते. वापरणारा आज्ञेत एका जागी मार्क ठेवतो आणि कर्सर दुसरीकडे नेतो. फंक्शन बोलावताच दोहोंमधील मजकूर हीच संपादनयोग्य ओळ होते. आधीचा आणि नंतरचा मजकूर बाजूला काढून केवळ दर्शनी मजकूर म्हणून दाखवला जातो. तो वाचता येतो, पण त्यात कर्सर जात नाही. ओळीच्या आरंभी जाण्याची कळ दाबल्यास कर्सर निवडलेल्या भागाच्या आरंभी थांबतो. संपूर्ण ओळ पुसण्याची कळ दाबल्यास तेवढाच भाग पुसला जातो. निवडलेला भाग रिकामा मात्र चालत नाही.

एक उदाहरण घेता येईल. समजा, एकाच ओळीत तीन आज्ञा आहेत. पहिली २०२३ च्या निकालांची प्रत करते, दुसरी त्या प्रतीचे नाव बदलते आणि तिसरी २०२३ चे जुने फोल्डर पुसते. दुसऱ्या आज्ञेत दोन ठिकाणी २०२३ च्या जागी २०२४ करायचे आहे. संपूर्ण ओळीवर बदल केल्यास तिसरी आज्ञा चालू वर्षाचे फोल्डर पुसून टाकील. दुसऱ्या आज्ञेपुरते संपादन संकुचित केल्यास ही शक्यताच उरत नाही.

या फंक्शनचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य एंटर कळीशी निगडित आहे. संकुचित अवस्थेत एंटर दाबल्यास आज्ञा चालत नाही. फक्त मर्यादा उठते आणि संपूर्ण ओळ पूर्ववत संपादनासाठी खुली होते. आज्ञा चालवण्यासाठी एंटर पुन्हा दाबावे लागते. 'हा भाग पूर्ण झाला' आणि 'ही आज्ञा चालवा' ही दोन विधाने एरवी एकाच कळीत एकवटलेली असतात. येथे ती वेगळी होतात. दोन कळींमधील अवधीत वापरणारा संपूर्ण आज्ञा नजरेखालून घालू शकतो.

बाहेरचा मजकूर दिसत ठेवणे हा या फंक्शनचा मूळ संकेत आहे. तो लपवून त्याजागी तीन टिंबे दाखवणारा दुसरा प्रकारही सोबत दिलेला आहे, पण तो मुद्दाम निवडावा लागतो. ईमॅक्समध्ये बाहेरचा मजकूर पूर्णपणे लपतो, हे लक्षात घेता हा फरक अर्थपूर्ण ठरतो. एडिटरमधील मजकूर नंतरही तपासता येतो. शेलमधील आज्ञा चालल्यावर तपासण्यास अवसर राहत नाही.

या पद्धतीस मर्यादाही आहेत. निवडलेला भाग हीच संपूर्ण ओळ मानली जात असल्याने टॅब कळीने शब्द पूर्ण करून देणाऱ्या सोयीस भोवतालचा संदर्भ मिळत नाही. आज्ञेचे नाव निवडलेल्या भागाबाहेर राहिले, तर भागातील पहिला शब्दच आज्ञा समजला जातो. संरक्षणासाठी संदर्भ तोडावा लागतो, ही या तंत्राची अंगभूत अडचण आहे.

६. टर्मिनलने आखलेली सीमा

अलीकडील काळात भागाच्या सीमेचा प्रश्न वेगळ्या संदर्भात पुढे आला. अन्यत्र लिहिलेली आज्ञा उचलून टर्मिनलमध्ये चिकटवणे ही सार्वत्रिक सवय झाली आहे. चिकटवलेल्या मजकुरात ओळ संपल्याचे चिन्ह असेल, तर शेल त्यास एंटर समजून आज्ञा चालवी. वापरणाऱ्यास ती वाचण्यासही वेळ मिळत नसे. यावरील उपायात टर्मिनल स्वतःच चिकटवलेल्या मजकुराच्या आरंभी व शेवटी विशिष्ट खुणा पाठवते. या खुणांच्या आतील ओळ-समाप्तीस शेल एंटर मानत नाही. झेड शेलने ही सोय २०१५ च्या ५.१ आवृत्तीत स्वीकारली. बॅशमध्ये २०२० च्या ५.१ आवृत्तीपासून ती आपोआप सुरू असते आणि चिकटवलेला भाग ठळकपणे दाखवला जातो.

येथे सीमा वापरणारा आखत नाही, टर्मिनल आखते. तरीही तत्त्व तेच आहे. भागाचा आरंभ व अंत ठाऊक असला, की त्या भागातील अक्षरे केवळ मजकूर म्हणून राहू शकतात.

७. देवनागरी मजकूर आणि सीमेचा प्रश्न

फाइलींना मराठी नावे देणाऱ्यांच्या दृष्टीने या विषयास आणखी एक पैलू आहे. युटीएफ-८ ही पद्धत १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी तयार केली. 'पुणे' हा शब्द वाचणाऱ्यास दोन अक्षरांचा दिसतो. युनिकोडमध्ये मात्र तो चार संकेतांचा असून युटीएफ-८ मध्ये १२ बाइट व्यापतो. निवडलेल्या भागाची सीमा 'प' आणि उकार यांच्यामध्ये पडली, तर भागाचा आरंभ एकाकी उकाराने होतो. झेड शेलमध्ये जोडचिन्हे आधीच्या अक्षराशी बांधून दाखवण्याचा पर्याय आहे; पण टर्मिनल ती चिन्हे योग्य रीतीने दाखवते, हे त्यात गृहीत धरलेले आहे. 'एक अक्षर' म्हणजे काय, याचे उत्तर शेल आणि टर्मिनल यांनी सारखेच दिले, तरच कर्सर दिसतो तेथे खरोखर असतो. भागाची सीमा विश्वसनीय असण्यासाठी लिपीचे हे ज्ञानही आवश्यक ठरते.

निष्कर्ष :

१) कमांड लाइनच्या संपादनाचे एकक शेवटचे अक्षर, ओळींचा पत्ता, शब्दांचा पत्ता आणि अखेर दोन खुणांमधील कोणताही भाग, अशा क्रमाने सूक्ष्म होत गेले.
२) ईडीमधील मर्यादा एका आज्ञेपुरती होती. ईमॅक्स व झेड शेलमध्ये ती वापरणारा उठवीपर्यंत टिकणारी अवस्था झाली.
३) मर्यादा दृश्य असेल तरच ती संरक्षक ठरते. कॉर्न शेलमधील कडेचे चिन्ह, ईमॅक्समधील पट्टीवरील सूचना आणि झेड शेलमध्ये दिसत राहणारा बाहेरचा मजकूर या सर्वांमागे हीच जाणीव आहे.
४) संपादनाची समाप्ती आणि आज्ञेची अंमलबजावणी यांची फारकत हे भागापुरत्या संपादनाचे सर्वांत मोलाचे फलित होय.

समारोप :

टेलिटाइपच्या कागदावर खरी ओळ वापरणाऱ्याच्या मनातच राहत असे. आज ती पडद्यावर दिसते, तिचा हवा तेवढा भाग वेगळा काढता येतो आणि उरलेला भाग सुरक्षित ठेवता येतो. तरीही एंटर दाबण्याची जबाबदारी माणसाकडेच आहे. साधनाच्या कर्त्यांनी ती जबाबदारी पार पाडण्यासाठी वापरणाऱ्यास एक कळ दाबण्याइतका अधिक अवधी मिळवून दिला. संगणकाच्या अध्यापनात आज्ञांची यादी पाठ करून घेण्याबरोबरच या अवधीचे मोल विद्यार्थ्यांना पटवून दिल्यास आज्ञा चालवण्यापूर्वी ती वाचण्याची सवय त्यांच्या अंगी बाणेल.